नाव गळून पडलेलं वादळ

मस्तगड हे जालन्यात आज एका भागाचं नाव आहे, पण मुळात तो किल्ला. निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने 1725 मध्ये तो बांधला. कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आणि आत दगडात खोल उतरवलेली, सज्जे आणि दालनं असलेली विहीर. या विहिरीत आमच्या मुलखाची जन्माची चिंता दिसते. इथल्या माणसाला भीती वाटत आली ती पाणी संपण्याची. शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव, निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव, 2012-13 च्या दुष्काळात उभ्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा, या सगळ्यांतून एकच शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली: पाणी दिसलं की अडवा, साठवा, जपा. समुद्र इथून सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरहून लांब आहे आणि आपण त्याच्यापासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर राहतो. अशा ठिकाणी चक्रीवादळाच्या तयारीचा विषय काढला की लोक आधी चेहऱ्याकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, ते कोकणातलं.

ते फक्त कोकणातलं नाही, हे दाखवायला लांब जावं लागत नाही. 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. तिथून जालना सुमारे नऊशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ते तेलंगणावर होतं, जोर कमी होत होता, आणि बातम्यांमधून त्याचं नावही हळूहळू जात होतं. आधी ‘चक्रीवादळ’, मग ‘तीव्र कमी दाब’, मग ‘कमी दाबाचं क्षेत्र’. 27 ची रात्र आणि 28 चा दिवस ते मराठवाड्यावर होतं. बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याने त्या दोन दिवसांत जे पाहिलं ते अनेकांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. धनेगावच्या मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठच्या शिवारांत अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. याच मांजरेच्या कोरड्या पडलेल्या धरणामुळे 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. पाण्याच्या रेल्वेपासून हेलिकॉप्टरपर्यंत साडेपाच वर्षंही लागली नाहीत. 28 तारखेलाच सकाळी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची नांदेड–नागपूर मार्गावरची बस पुलावरून वाहून गेली आणि त्यात माणसं दगावली.

गुलाबचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण तिथे या सगळ्या विषयाची किल्ली आहे. आपल्या डोक्यावरून ते गुजरातकडे सरकलं, अरबी समुद्रात उतरलं, तिथे पुन्हा ताकद धरली आणि ‘शाहीन’ हे नवं नाव घेऊन 3 ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळलं. म्हणजे बंगालच्या उपसागरात नाव होतं, अरबी समुद्रात नाव होतं. मधे जमिनीवर, आमच्यावर असताना तेवढं नाव नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीची तयारी कोण करणार?

हे एकदाच घडलेलं नाही. 2007 च्या जूनमध्ये असाच एक कमी दाब आंध्रच्या किनाऱ्याला लागून दख्खन ओलांडून अरबी समुद्रात गेला आणि ‘येम्यिन’ होऊन पाकिस्तानच्या किनाऱ्याला धडकला. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेल्या तीव्र कमी दाबाने आधी हैदराबाद बुडवलं आणि मग सोलापूर, पंढरपूर, उस्मानाबाद धुऊन काढलं. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. पश्चिमेकडून आलेलं उदाहरण ‘निसर्ग’चं. 3 जून 2020 ला ते श्रीवर्धन–दिवेआगरच्या पट्ट्यात लागलं, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांतून वर जाऊन पश्चिम विदर्भाकडे विरलं. पुण्यात झाडं उन्मळली, मावळ-जुन्नरकडे शेडनेट आणि पॉलिहाऊस फाटली. पण मला वाटतं, मराठवाड्याने पश्चिमेकडे बघण्याची सवय सोडून पूर्वेकडे मान वळवायला हवी. सह्याद्री पश्चिमेचा बराच जोर अडवतो. पूर्वेला तसा अडसर नाही. गोदावरीचं खोरं उलट्या दिशेने उघडंच आहे.

जमिनीवर आल्यावर वादळाचं काय होतं? त्याचं इंधन म्हणजे गरम समुद्रावरची वाफ. किनारा ओलांडला की ती तुटते आणि वाऱ्याचा वेग काही तासांत झपाट्याने पडतो. हवामान खात्याची नावं वाऱ्याच्या वेगावर ठरतात. ताशी 62 किलोमीटरच्या खाली वेग गेला की ते चक्रीवादळ राहत नाही, 50 च्या खाली गेला की तीव्र कमी दाबही राहत नाही. पण वादळाने सोबत आणलेली वाफ वाऱ्याइतक्या लवकर संपत नाही. उलट वेग मंदावला की ते एका जागी रेंगाळतं आणि पाऊस तिथल्या तिथे ओततं. जमीन आधीच चिंब असेल तर तिच्यातली ओलही त्याला थोडाफार आधार देते. सप्टेंबरअखेर मराठवाड्याची काळी माती अशीच असते: जूनपासून पाणी पिऊन फुगलेली, भेगा मिटलेल्या, वरून पडलेला थेंब आत घेईना अशी. आणि धरणं? दुष्काळाच्या धाकाने आपण ती काठोकाठ भरून घेतलेली असतात. म्हणून नाव लहान होत जातं तेव्हा आतल्या माणसाचा धोका कमी होतोच असं नाही. त्याचं रूप बदलतं, वाऱ्याचं पाणी होतं.

हिशोब साधा आहे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. शंभर मिलिमीटर पाऊस शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर पडला तर एक कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे एकतृतीयांश टीएमसी. जालन्याचा वर्षभराचा पाऊसच सहाशे-सातशे मिलिमीटर. त्यातला सहावा-सातवा हिस्सा एका रात्रीत आला आणि माती तो घेत नसेल, तर ते पाणी नाल्यानेच जाणार, आणि नाल्यात आपण काय बांधून ठेवलंय ते पाहणार नाही.

सगळ्यात आधी वेळेचा प्रश्न. माझ्या मते तोच या विषयाचा गाभा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या हातात आधीपासून आहे. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतो. पहिला पूर्वसूचनेचा, साधारण 72 तास आधी. दुसरा 48 तास आधी. तिसरा 24 तास आधी. हे तिन्ही मुख्यतः किनाऱ्यासाठी. चौथा टप्पा फारसा कुणाला माहीत नसतो. वादळ किनाऱ्याला लागण्याच्या किमान 12 तास आधी, किनारा ओलांडल्यावर ते जमिनीवर कुठल्या दिशेने जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत वाऱ्याचं, पावसाचं काय होईल, याचा अंदाज दिला जातो. तो आमच्यासारख्यांसाठीच असतो.

आता गुलाबचं गणित मांडून बघा. किनाऱ्याला लागण्याआधीचे 12 तास आणि तिथून मराठवाड्यावर पोचेपर्यंतचा एक दिवसाहून थोडा जास्त वेळ, मिळून दीड-दोन दिवस. कोकणातल्या माणसाला निसर्गच्या वेळी जितकी धावपळ करावी लागली, तितकी इथे करायची गरज नव्हती. वेळ होता. तो वाया गेला, कारण या दोन दिवसांत कुणी काय करायचं हे गावाच्या पातळीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. टीव्हीवर किनाऱ्याच्या लाटा दिसत होत्या, आणि आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी चालू होती.

वाऱ्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण इथे आमचा गैरसमज सगळ्यात घट्ट आहे. मराठवाड्यात पत्र्यावर दगड ठेवण्याची रीत आहे. दगड, जुने टायर, नांगराचा मोडका तुकडा, काहीही. आजोबांनी ठेवला म्हणून बापाने, बापाने ठेवला म्हणून मुलाने. पण पत्रा उडतो तो वारा वरून ढकलतो म्हणून नाही. छपरावरून वारा वेगाने गेला की पत्र्याच्या वरच्या बाजूला ओढ तयार होते, आणि दार-खिडकीतून आत शिरलेली हवा खालून रेटा देते. दोन्ही मिळून पत्रा वर उचलला जातो, विशेषतः कडांना आणि कोपऱ्यांना. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात हा दाब दर चौरस मीटरला साधारण 17 किलो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्रा घेतला तर पन्नासेक किलोची ओढ. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. भारतीय मानक संस्थेने इमारतींसाठी वाऱ्याचा जो नकाशा केला आहे, त्यात आमच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरसाठी सेकंदाला 39 मीटर हा वेग धरला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. या वेगाला त्याच एका पत्र्यावर अडीचशे किलोंची ओढ येते. कुठला दगड पुरणार? उलट पत्रा सुटला की दगड अंगणात नाही, अंथरुणावर पडतो.

यावरचा उपाय महाग नाही. पत्रा अँगलला किंवा वाशाला जे-हूकने नाहीतर स्क्रूने घट्ट धरायचा, कडांना आणि कोपऱ्यांना हूक दुपटीने जवळ घ्यायचे. अँगल भिंतीला सळईने बांधायचा, कारण नुसता भिंतीवर टेकवलेला अँगल पत्र्यांसकट उडतो. ओसरीचा पुढे आलेला पत्रा घराच्या पत्र्याहून वेगळा ठेवायचा, म्हणजे ओसरी गेली तरी घर राहील. आणि वारा सुटला की वाऱ्याच्या तोंडाची दारं-खिडक्या बंद. जालना हे सळईचं गाव आहे. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमधून निघणारी सळई राज्यभरच्या स्लॅबमध्ये जाते. गल्लीगल्लीत वेल्डिंगची दुकानं आहेत. हुकाला लागणारं लोखंड आणि तो वाकवणारा हात हे दोन्ही आमच्याकडे जितके आहेत तितके दुसऱ्या कुठल्या गावाकडे क्वचित असतील. तरी दरवर्षी वळवाच्या पावसात पत्रे उडाल्याच्या बातम्या येतात. हे मनाला लागतं.

पावसाची झड लागली की पत्र्याच्या घरापेक्षा माळवदाचं घर जास्त घातक. उन्हाळ्यात थंड राहणारी ही धाब्याची घरं मराठवाड्याची ओळख. लाकडाच्या तुळयांवर किलचं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी गळू नये म्हणून वर आणखी एक थर, आणि असा पन्नास वर्षांत फूटभर जाडीचा होतो. एक फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला जवळजवळ पाचशे किलो, भिजली की आणखी वाढतं. खाली मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडी भिंती. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाने या जाड छपरांनी आणि जड भिंतींनी काय होतं ते दाखवलं. पण भूकंपात ती एका मिनिटात पडली. पावसात दोन-तीन दिवस घेतात, आणि पडण्याआधी सांगतात. भिंतीचं पोट बाहेर येतं, तुळईच्या टोकाशी माती झरायला लागते, दार घासायला लागतं. ज्या घरात ही खूण दिसली तिथल्या लोकांना पावसाच्या दुसऱ्या संध्याकाळी शाळेत किंवा समाजमंदिरात झोपायला नेणं ही आमच्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जीव वाचवणारी तयारी. कुठली घरं, हे गावातल्या कोतवालाला आणि आशाताईला तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून मे महिन्यात यादी करून घेतली तर सप्टेंबरात शोधत फिरावं लागणार नाही.

आता पुराकडे येऊ. जालना शहर कुंडलिकेच्या दोन बाजूंना वसलेलं: जुना जालना आणि नवा जालना. सीनाही शहरातूनच येते. वर्षाचे नऊ-दहा महिने या नद्यांत जे वाहतं त्याला पाणी म्हणवत नाही, त्यामुळे पात्र ही मोकळी जागा आहे असा समज झाला. कुणी भिंत पुढे घेतली, कुणी भराव टाकला, बाजाराने थोडी जागा घेतली. नदीने तक्रार केली नाही. मधल्या वर्षांत नागरिकांनी पुढे होऊन गाळ काढला, पात्र रुंद केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण खोल केलेलं पात्रही पुलाखाली अडलं तर उपयोग नाही. शहरात तयारी म्हणजे आधी पुलांच्या कमानी मोकळ्या करणं, आणि त्या पावसाळ्याच्या आधी एकदाच नव्हे तर सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा पाहणं. कारण जूनमध्ये साफ केलेल्या नाल्यात तोवर गणपती-गौरीचं निर्माल्य, पिशव्या, झुडपं सगळं साठलेलं असतं.

गोदाकाठची गोष्ट वेगळी आहे. अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांची दक्षिण सीमा म्हणजे गोदावरी. तिथला पूर नुसता पावसाने येत नाही, पैठणच्या जायकवाडीच्या 27 दरवाजांनी येतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये तिथून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. 2025 च्या सप्टेंबरअखेर विसर्ग तीन लाखांच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, यावरून अंदाज करा. त्या वेळी मराठवाड्यावर कुठलं चक्रीवादळ आलेलं नव्हतं, उपसागरातून एकामागून एक आलेले कमी दाब पुरे झाले. गोदाकाठी लोकांना ‘इतके लाख क्युसेक’ ही भाषा कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. त्यांना हवं असतं ते एवढंच: पाणी मारुतीच्या पारापर्यंत येणार की शाळेच्या पायरीपर्यंत, आणि किती वाजता. 2006 चं पाणी कुठवर आलं होतं हे शहागडच्या किंवा गोंदीच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते बोटाने दाखवतात. त्या खुणा रंगाने भिंतींवर उतरवून प्रत्येक खुणेजवळ विसर्गाचा आकडा लिहिला तर पुढच्या वेळी आकडा आणि पायरी यांची सांगड बसेल. एवढ्याला एक डबा रंग आणि एक दिवस लागतो.

पण सगळ्यात जास्त माणसं मोठ्या नदीत जात नाहीत. ती जातात घराकडे परतताना, ओळखीच्या ओढ्यावर, फरशी पुलावर. ‘रोज जातो की इथून’ हे वाक्य म्हणून. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार हलवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या नेतं, आणि गढूळ पाण्याखाली फरशी जागेवर आहे की नाही ते दिसत नाही. दहागावला बसचं तेच झालं. अशा प्रत्येक पुलावर दोन्ही टोकांना आडवा टाकायचा बांबू, त्यावर पांढरा-तांबडा पट्टा आणि तो कुणी टाकायचा त्याचं नाव, एवढं असलं तरी पुरे. नाव महत्त्वाचं. ‘ग्रामपंचायत’ असं लिहिलं तर बांबू कुणीच टाकत नाही.

पाझर तलावांची धास्ती मला सगळ्यात जास्त वाटते. दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेले हे शेकडो बांध आमचं भूषण आहेत. पण त्यांच्या सांडव्यात आज बाभळी उगवल्या आहेत, भरावात उंदीर-घुशींनी बिळं केली आहेत, आणि काही ठिकाणी पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्याची तोंडं मातीने उंच केली आहेत. मातीचा बांध पाणी वरून गेलं की टिकत नाही. 2019 च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं तेव्हा खालच्या वाडीला उठायलाही वेळ मिळाला नाही. कोल्हापुरी बंधाऱ्यांचंही तसंच. पाऊस संपत आला की पाणी अडवण्यासाठी त्यात बरगे घालतात, आणि उपसागरातली बरीचशी वादळं नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. बरगे घातलेल्या बंधाऱ्याला अचानक लोंढा आला की पाणी बाजूच्या काठाला फोडून शेत घेऊन जातं. म्हणून चौथ्या टप्प्याचा इशारा आला की पाटबंधाऱ्याच्या चौकीदाराचं पहिलं काम बरगे काढणं हे ठरलेलं असावं. पाणी थोडं जाईल, हे खरं. दुष्काळी माणसाला तो घास गिळणं फार जड जातं, तेही मला कळतं.

समुद्रापासून लांब असलेले लोक बेसावध राहतात ही फक्त आमची गोष्ट नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये ‘हेलीन’ हे चक्रीवादळ अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं, आणि सगळ्यात मोठा संहार झाला तो शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, अॅशव्हिल शहराच्या परिसरात. त्या एका राज्यात शंभरावर माणसं गेली. इशारे आधीपासून दिलेले होते, पावसाचे अंदाजही बऱ्यापैकी बरोबर होते. वादळाच्या आधीच दोन दिवस पाऊस पडून डोंगर भिजले होते, हे आपल्या सप्टेंबरसारखंच. शहराची जलवाहिनी वाहून गेली आणि नळाला पिण्याजोगं पाणी परत यायला 53 दिवस लागले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. जालन्याला पाणी जायकवाडीहून लांबच्या जलवाहिनीने, पंपांच्या जोरावर येतं. वीज गेली की ते थांबतं. घरोघरी टाक्या आहेत, पण त्या आठवड्याला नळ येतो म्हणून. त्याच टाक्या इशारा मिळाल्याबरोबर भरून झाकून ठेवल्या तर पूर ओसरल्यावरचे चार दिवस निघतात. पुराच्या वेळी जीव पाण्याने जातात, पुरानंतर घाण पाण्याने. तुरटी आणि क्लोरीनच्या गोळ्या त्याच दोन दिवसांत वाटल्या गेल्या पाहिजेत.

विजेबद्दल एकच. खाली लोंबणारी तार, पाण्यात उभी डीपी आणि पत्र्याला लागून गेलेली सर्व्हिस वायर ही गावातल्या सगळ्यांना माहीत असते, वायरमनलाही. वारा सुटायच्या आधी त्या भागाचा पुरवठा बंद करायचा अधिकार आणि धाडस दोन्ही त्याच्याकडे हवं.

इशारा माणसापर्यंत पोचतो का? मोबाइलवर आता ‘सचेत’ यंत्रणेतून मोठा आवाज करत संदेश येतो, वीज पडण्याच्या धोक्यासाठी ‘दामिनी’ अॅप आहे, महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, एका मंडळात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. हे सगळं चांगलं आहे आणि दहा वर्षांपूर्वी यातलं बरंच नव्हतं. पण संदेश वाचून माणूस उठतो तो शेजारी उठला तर. त्यातून जालना एका भाषेचा जिल्हा नाही. जुन्या जालन्यात घराघरांत दखनी आणि उर्दू आहे, तांड्यांवर गोरबोली आहे, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे कामगार बिहार, उत्तर प्रदेशचे. मंठा, घनसावंगी, भोकरदनकडची ऊसतोड मंडळी दसऱ्यानंतर कोप बांधून परजिल्ह्यांत राहतात, आणि त्यांचं नाव ना इकडच्या यादीत असतं ना तिकडच्या. देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, दवंडी, बाजाराच्या दिवशी मोंढ्यात केलेली घोषणा, यांची जागा मोबाइलने घेतलेली नाही. दोन्ही लागतील.

शेतकऱ्याला त्या दोन दिवसांत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो फार अवघड असतो. सोयाबीन सोंगून ठेवलेलं असलं तर गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्रीने झाकायची, ताडपत्रीच्या कडा मातीत दाबायच्या. उभं असलं तर घाईने सोंगायचं की राहू द्यायचं? सोंगलेलं आणि शेतात पसरलेलं सोयाबीन पावसात सापडलं तर जागच्या जागी कोंब फुटतात; उभं पीक काही अंशी तरी तग धरतं. कृषी विभागाचा तालुका अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून या एका प्रश्नाचं ठाम उत्तर त्या दिवशी यायला हवं. ‘शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी’ या वाक्याने कुणाचीही काळजी घेतली जात नाही. आणि जनावरं. गोठ्यात पाणी शिरायची शक्यता असेल तर दावं सोडायचं. मोकळी म्हैस पोहते, बांधलेली बुडते. 2025 मध्ये मराठवाड्यात दावणीला बांधलेली गुरं गेली, त्यांच्या मालकांचे चेहरे मी विसरू शकत नाही.

सरकारी यंत्रणेचा आढावा घ्यायचा तर पाया मजबूत आहे. किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभे केले, तेव्हा देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदाही नव्हता. तो 2005 चा. त्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून येते, राज्याची धुळे आणि नागपूरहून. रस्ते बुडालेले असताना तुकडी पोचायला किती तास लागतील हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. पहिली रात्र गावालाच काढायची असते. ओडिशाने हे ओळखलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2013 च्या फायलिनच्या वेळी जवळजवळ दहा लाख लोक आधीच हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. फरक फक्त वाऱ्याचा नव्हता, गावातल्या माणसांच्या तयारीचा होता. महाराष्ट्रात चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून निवारे झाले, भूमिगत वीजवाहिन्या झाल्या, पण किनारी जिल्ह्यांत. ते योग्यच होतं. आता त्या विचाराला घाट चढून वर यायला हवं. आम्हाला काँक्रीटचे निवारे नकोत. आम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळांची छपरं घट्ट हवीत, त्यांच्या किल्ल्या रात्री कुणाकडे असतात ते ठरलेलं हवं, आणि चौथ्या टप्प्याचा इशारा ज्या क्षणी निघतो त्या क्षणी तो आतल्या जिल्ह्यांच्या तलाठ्यापर्यंत पोचेल अशी साखळी हवी. वादळाला त्याचं मूळ नाव शेवटपर्यंत ठेवलं तरी मोठं काम होईल. ‘कमी दाबाचं क्षेत्र’ म्हटलं की माणूस कूस बदलून झोपतो. ‘गुलाबचा उरलेला पाऊस आज रात्री आपल्यावर’ म्हटलं तर तो उठून बसेल.

गेल्या पावसाळ्यानंतर मी मस्तगडच्या भागात राहणाऱ्या माझ्या आत्याकडे गेलो. तिच्या दोन खोल्यांवर पत्रा आहे. जिन्यावरून चढून मी दगड मोजले, तेवीस निघाले. एक तर पाट्याचा तुकडा होता, आजीच्या हातचा. आत्या खालून ओरडली, “दगड कशाला काढतूस रे बाबा, तुझ्या फुफाजींनी ठेवलेत ते.” मी तिला पत्र्याच्या ओढीचं गणित सांगायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण ती बघत होती त्या दगडाकडे जो बरोबर तिच्या बाजेच्या वर होता. मग तिने स्वतःच विचारलं, “किती हूक लागतील?” शेजारच्या गल्लीतला वेल्डर दुपारी आला. चाळीस जे-हूक, सहा सळया, कडांना जवळजवळ, मधे थोडे लांब. अँगल भिंतीत धरले. दिवे लागायच्या आत काम संपलं. दगड आम्ही एकेक करून खाली उतरवले आणि अंगणातल्या तुळशीभोवती रचले. पाट्याचा तुकडा तिने आत नेला.